पाऊल कुणाचं? : ऑस्ट्रेलियातल्या ॲबोरिजिनल नर्तकांचं शिक्षण आणि त्यांची स्वप्नं

सिडनी ऑलिंपिकचं उद्घाटन १५ सप्टेंबर २००० रोजी झालं. आपल्याकडेही अनेकांनी ते दूरचित्रवाणीवर पाहिलं. त्यातला एक भाग ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांच्या नृत्याचा होता. त्याचं नाव होतं ‘जाग’. अंगावर पांढऱ्या मातीचे पट्टे ओढलेला जाकापुरा मुन्यार्युन हा गायक-नर्तक एका लहान गोऱ्या मुलीला बरोबर घेऊन मैदानात उभा होता आणि त्याच्या हाकेसरशी शेकडो नर्तक चहूबाजूंनी आत येत होते. दहा दिवसांनी त्याच मैदानावर कॅथी फ्रीमन या ॲबोरिजिनल धावपटूने चारशे मीटर शर्यतीचं सुवर्णपदक जिंकलं. वर्तमानपत्रांनी तिच्यावर रकानेच्या रकाने लिहिले. नाचणाऱ्यांविषयी मात्र फारसं कुणी लिहिलं नाही. हे लोक नाचायला कुठे शिकले, त्यांना कुणी शिकवलं, शिकून त्यांना काय व्हायचं होतं, हे प्रश्न माझ्या मनात तेव्हापासून राहिले.

मी कुठल्याही विद्यापीठाशी संलग्न नाही. पोस्टातली नोकरी सांभाळून गेली वीस-पंचवीस वर्षं लोकनृत्यांविषयी जे मिळेल ते वाचत आणि पाहत आले. या लेखातली माहिती त्या वाचनातून आणि चित्रफितींतून जमवलेली आहे. विषय दूरच्या देशाचा असला, तरी त्यातला मूळ प्रश्न आपल्याला अनोळखी वाटणार नाही, असं मला वाटतं.

एक शब्द, अनेक समाज

सुरुवातीला शब्दांचा घोळ दूर केलेला बरा. ‘ॲबोरिजिनल’ हे नाव बाहेरून आलेल्यांनी दिलेलं आहे. १७८८ मध्ये ब्रिटिशांनी सिडनीला वसाहत केली, तेव्हा या खंडात अडीचशेहून अधिक भाषा बोलल्या जात होत्या. प्रत्येक भाषेमागे एक समाज होता आणि प्रत्येक समाजाची ठरलेली भूमी होती. उत्तरेकडच्या टोरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवरचे लोक यांच्याहून वेगळे. त्यांचे नाच वेगळे, ढोल वेगळे. ‘धारी’ हा त्यांचा शिरोभूषणाचा प्रकार इतका महत्त्वाचा, की तो त्यांच्या ध्वजाच्या मध्यभागी आहे. आजच्या ऑस्ट्रेलियात या सर्वांची मिळून लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेवर आधारलेल्या अंदाजानुसार सुमारे ९ लाख ८४ हजार, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ३.८ टक्के आहे.

नाचाच्या बाबतीतही असाच एक सरसकट शब्द रूढ झाला : ‘कॉरोबरी’. मूळ शब्द सिडनी परिसरातल्या धारुग भाषेतला. इंग्रजांनी तो उचलला आणि खंडभरातल्या कुठल्याही नाचाला चिकटवला. भरतनाट्यम, तारपा आणि दशावतार या तिन्हींना एकच नाव देण्यासारखं हे झालं.

नाच म्हणजे सातबारा

ईशान्य आर्नहेम लँडमधल्या योलंगू लोकांचं उदाहरण घेऊ. त्यांच्याविषयी बरंच लिहिलं गेलं आहे आणि त्यांची परंपरा अखंड राहिली आहे. त्यांच्या समारंभी नाचाला ‘बुंगुल’ म्हणतात आणि गाण्याला ‘मनिकाय’. साथीला ‘यिडाकी’ हे लांब लाकडी फुंकवाद्य आणि ‘बिल्मा’ या लाकडी टिपऱ्या. गाणाराच नाचाचा सूत्रधार असतो. टिपरीचा ठोका कुठे थांबणार हे त्याच्या हाती, आणि नाचणाऱ्याचं पाऊल नेमकं तिथेच थांबलं पाहिजे. नाच वाळूवर होतो. पुरुषांची पावलं जोरकस असतात, वाळू उडते. बायकांची पावलं लहान असतात. नाचात मगर येते, बगळा येतो, भरतीचं पाणी येतं.

योलंगूंचं सगळं जग ‘धुवा’ आणि ‘यिरित्जा’ अशा दोन अर्ध्यांत विभागलेलं आहे. माणूस, प्राणी, वारा, जमिनीचा तुकडा, सगळं या दोहोंपैकी एकात मोडतं. प्रत्येक कुळाची भूमी असते आणि त्या भूमीची गाणी, चित्रांच्या आकृती व नाच त्या कुळाच्या मालकीचे असतात. एखाद्या पाणवठ्याचा नाच करणं म्हणजे त्या पाणवठ्याशी आपलं नातं जाहीर करणं. आपल्या भाषेत सांगायचं तर नाच हा त्यांचा सातबारा आहे. हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. नॉर्दर्न टेरिटरीत १९७६ च्या कायद्याखाली जमिनीचे दावे चालले, तेव्हा दावेदारांनी सुनावणीच्या ठिकाणी गाऊन आणि नाचून आपला हक्क मांडला आणि ती साक्ष ऐकली गेली.

यातून शिकण्याची पद्धत ठरते. योलंगू मूल नाच ‘शिकायला जात’ नाही. चालायला लागलं की ते मोठ्यांच्या मागे वाळूत उभं राहतं. मात्र सगळेच नाच सगळ्यांसाठी नसतात. काही खुले असतात, काही फक्त पुरुषांचे, काही फक्त बायकांचे, तर काही दीक्षेनंतरच कळणारे. वय आणि नातं वाढेल तसं एकेक दार उघडतं. कुणाला काय कधी दाखवायचं, हे वडीलधारे ठरवतात.

तुटलेली साखळी

आता याच्या उलट परिस्थिती पाहू. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागात, जिथे गोऱ्यांची वस्ती आधी आणि दाट झाली, तिथे ही साखळी तुटली. लोकांना मूळ भूमीवरून हलवून मिशनांत आणि सरकारी वसाहतींत ठेवलं गेलं. अनेक ठिकाणी भाषा बोलायला आणि समारंभ करायला बंदी होती. मुलं आईबापांपासून काढून संस्थांमध्ये आणि गोऱ्या घरांमध्ये ठेवली गेली. १९९७ च्या राष्ट्रीय चौकशी अहवालाने म्हटलं, की १९१० ते १९७० या काळात दर तीनपैकी एक ते दर दहांपैकी एक इतकी ॲबोरिजिनल मुलं अशी हिरावली गेली. पंतप्रधान केविन रड यांनी या पिढ्यांची संसदेत माफी मागितली, ती १३ फेब्रुवारी २००८ रोजी.

अशा घरातल्या नातीला नाचायचं असेल, तर तिने कुणाच्या मागे उभं राहायचं? आजीला नाच आठवत नाही, कारण आजीला तो पाहूच दिला गेला नाही.

आणि याच काळात ‘ॲबोरिजिनल नृत्य’ रंगभूमीवर मात्र दिमाखात येत होतं. जॉन अँटिल या संगीतकाराने लहानपणी सिडनीजवळ ला पेरूजला ॲबोरिजिनल लोकांचा नाच पाहिला होता. त्या आठवणीवर त्याने ‘कॉरोबरी’ ही वाद्यवृंदरचना केली. १९४६ मध्ये ती प्रथम वाजवली गेली आणि १९५० मध्ये तिच्यावर बॅले बसला. पुढे बेथ डीन या अमेरिकेत जन्मलेल्या नर्तकीने मध्य ऑस्ट्रेलियात हिंडून अभ्यास केला आणि १९५४ मध्ये नवी नृत्यरचना केली. ती राणी एलिझाबेथसमोर सादर झाली. दीक्षा घेणाऱ्या मुलाची भूमिका डीनबाईंनी स्वतः केली. ज्या समाजाचा तो संस्कार, त्या समाजाचा एकही माणूस त्या रंगमंचावर नव्हता. डीनबाईंच्या मेहनतीविषयी मला शंका नाही. पण नाच घेतला आणि नाचणारा बाहेर ठेवला, याहून त्या काळाचं अचूक वर्णन मला सापडलं नाही.

रेडफर्नमधला वर्ग

बदल आला तो एका कृष्णवर्णीय अमेरिकन बाईमुळे. कॅरोल जॉन्सन न्यूयॉर्कच्या ज्युलियार्डमध्ये शिकलेली. एलिओ पोमारे यांच्या नृत्यसंचातून ती १९७२ मध्ये ॲडलेड महोत्सवासाठी ऑस्ट्रेलियात आली. त्याच वर्षी २६ जानेवारीला कॅनबेरात जुन्या संसद भवनासमोरच्या हिरवळीवर काही ॲबोरिजिनल तरुणांनी तंबू ठोकून त्याला ‘दूतावास’ असं नाव दिलं होतं. आपल्याच देशात आपण परके ठरलो आहोत, तेव्हा आपलाही दूतावास हवा, असा त्याचा अर्थ होता. सिडनीच्या रेडफर्न या वस्तीत तेव्हा ॲबोरिजिनल तरुणांची चळवळ जोरात होती. जॉन्सनने तिथे आधुनिक नृत्याचे वर्ग घेतले. त्या वर्गातून जे सादर झालं त्यात पोलिसांनी हटवलेल्या त्या तंबू-दूतावासावरचं नृत्यही होतं.

१९७५ मध्ये तिने सहा आठवड्यांचं शिबिर घेतलं. त्यातून पूर्ण वेळचा अभ्यासक्रम उभा राहिला आणि पुढे ती संस्था ‘नाइज्डा’ या आद्याक्षरी नावाने प्रसिद्ध झाली. जॉन्सनचं मोठेपण मला एका निर्णयात दिसतं. आधुनिक नृत्य ती स्वतः शिकवू शकत होती. ॲबोरिजिनल नाच आपण शिकवू शकत नाही, हे तिने पहिल्यापासून ओळखलं. म्हणून आर्नहेम लँडमधून, कार्पेंटारिया आखातातल्या मॉर्निंग्टन बेटावरून आणि टोरेस सामुद्रधुनीतून ज्येष्ठ गायक-नर्तकांना गुरू म्हणून सिडनीला बोलावलं जाऊ लागलं. शहरात वाढलेल्या, आपली भाषा न येणाऱ्या मुलामुलींनी पहिल्यांदा त्यांच्यासमोर उभं राहून पाऊल टाकलं.

२००७ पासून ही संस्था सिडनीच्या उत्तरेला कॅरिऑंग इथे, डारकिनजुंग लोकांच्या भूमीवर आहे. ती जागा म्हणजे माउंट पेनांग. १९१२ पासून विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत तिथे ‘वाया गेलेल्या’ मुलांची सुधारशाळा होती. ज्या आवारात मुलांना कोंडून ठेवलं जाई, तिथे आता मुलं नाचायला शिकतात.

दोन जमिनींवरचं शिक्षण

या संस्थेतला विद्यार्थी साधारण अठरा-वीस वर्षांचा असतो. कुणी शहरातून आलेला, कुणी दूरच्या वस्तीवरून. काहींनी लहानपणापासून बॅलेचे वर्ग केलेले, तर काहींनी फक्त शाळेच्या स्नेहसंमेलनात नाच केलेला. प्रमाणपत्रापासून प्रगत पदविकेपर्यंतच्या अभ्यासक्रमात बॅले आहे, आधुनिक नृत्याच्या वेगवेगळ्या शैली आहेत, आणि त्यांच्या बरोबरीने परंपरागत नाच आणि गाणं आहे.

शरीराच्या दृष्टीने ही गोष्ट सोपी नाही. बॅलेत मांड्या बाहेर वळवायच्या, पाठीचा कणा वर खेचायचा, जमिनीचं अस्तित्व जणू नाकारायचं. बुंगुलमध्ये गुडघे सैल, वजन खाली, तळपाय जमिनीत रुतणारा. बॅलेत आकडे मोजतात. बुंगुलमध्ये गाणाऱ्याचा श्वास ऐकावा लागतो, कारण कडवं आज किती लांबेल ते त्यालाच माहीत. बॅलेत आरशात बघून चूक दुरुस्त करतात. वाळूवर आरसा नसतो. पुढच्या माणसाची पाठ बघायची आणि शिकायचं. सकाळी एक आणि दुपारी दुसरं करणाऱ्या विद्यार्थ्याला एकाच शरीरात दोन व्याकरणं बाळगावी लागतात.

याहून महत्त्वाचा भाग म्हणजे प्रवास. विद्यार्थ्यांची तुकडी दूरच्या एखाद्या वस्तीवर जाऊन राहते. तिथे पाहुणा म्हणून कुणी राहू शकत नाही. योलंगू समाजात प्रत्येक माणसाला नात्याच्या जाळ्यात जागा लागते, म्हणून आलेल्याला आधी कुणाचा तरी भाऊ, भाची किंवा नातू केलं जातं. ते नातं ठरलं की कुणाशी कसं बोलायचं, कुणाकडून काय शिकायचं, हे आपोआप ठरतं. मग मासे धरायला, कंद खणायला, झाडाची साल सोलायला बरोबर जायचं. नाच संध्याकाळी. जो कंद दुपारी खणला, तो खणण्याची हालचाल संध्याकाळच्या नाचात येते, तेव्हा तिचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

इथेच या शिक्षणातला खरा पेच आहे. विराजुरी कुळातली एखादी मुलगी आर्नहेम लँडमध्ये जाऊन योलंगूंचा नाच शिकते. ती तो उत्तम करते. पण तो तिचा नाही. तिला तो शिकवला गेला, म्हणजे बाळगायला दिला गेला. कुठल्या कार्यक्रमात, कुणासमोर, कोणत्या रंगरेषांसह तो करायचा, हे देणाऱ्यांना विचारूनच ठरतं. आपलं हरवलेलं शोधायला निघालेल्या मुलीच्या हाती आधी दुसऱ्याचं येतं, आणि सांगितलं जातं, जपून धर, हे तुझं नव्हे. मला वाटतं, हाच त्या शाळेतला सर्वांत मोठा धडा आहे. तिच्या आजीकडूनही कधी काळी असंच काही तरी हिरावलं गेलं, याची किंमत तिला यातून कळते.

बंगाराची वाट

मग स्वतःचं काय नाचायचं? या प्रश्नाला मिळालेलं सर्वांत प्रसिद्ध उत्तर म्हणजे बंगारा नृत्यसंस्था. कॅरोल जॉन्सन, रॉब ब्रायंट आणि चेरिल स्टोन यांनी १९८९ मध्ये ती स्थापन केली. बंगारा हा विराजुरी शब्द. अर्थ, आग पेटवणं. १९९१ मध्ये स्टीफन पेज तिचा कलादिग्दर्शक झाला, तेव्हा तो पंचविशीत होता.

पेजची पार्श्वभूमी लक्षात घेण्यासारखी आहे. ब्रिस्बेनमधलं मोठं कुटुंब, वंशाने युगांबे. लहानपणी घरात पिढीजात नाच नव्हता. तो जॉन्सनच्या शाळेत शिकला, मग सिडनी डान्स कंपनीत नाचला. बंगारात त्याचा भाऊ डेव्हिड संगीत देई आणि धाकटा भाऊ रसेल नाचत असे. आणि त्यांच्याबरोबर होता योलंगू गायक-नर्तक जाकापुरा मुन्यार्युन, वाळूवर वाढलेला. शहरातले हे भाऊ आणि आर्नहेम लँडमधला तो गुरूसखा यांच्या भेटीतून एक नवीन नृत्यभाषा तयार झाली. १९९० च्या दशकाच्या मध्यावर आलेल्या ‘ओकर्स’ या रचनेत पिवळी, काळी, लाल आणि पांढरी अशा चार मातींचे चार भाग होते. त्यात परंपरागत नाच जिथे होता तिथे तो परवानगीने आणि त्याच्या धन्याच्या अंगावर होता. बाकीचं नवं होतं, आधुनिक नृत्याच्या शिस्तीत घडवलेलं, पण वजन जमिनीकडे असलेलं.

परंपरा जिथे पूर्ण पुसली गेली होती, तिथे काय करायचं, हे २०१४ च्या ‘पाट्येगारांग’मध्ये दिसलं. पाट्येगारांग ही सिडनीची पंधराएक वर्षांची मुलगी. १७९० च्या सुमारास तिने विल्यम डॉझ या ब्रिटिश अधिकाऱ्याला आपली भाषा शिकवली. त्याने ती वह्यांत टिपून ठेवली. त्या वह्या १९७२ मध्ये लंडनच्या एका ग्रंथालयात पुन्हा ओळखल्या गेल्या. वह्यांत शब्द होते, पावलं नव्हती. नृत्य नव्यानेच रचावं लागलं. दोनशे वर्षांपूर्वीच्या एका शिक्षिकेचा स्वर नर्तकांच्या अंगातून उभा करण्याचा तो प्रयत्न होता.

या वाटेची किंमतही मोठी होती. रसेल पेज २००२ मध्ये गेला, डेव्हिड २०१६ मध्ये. नव्याने पदवी घेतलेल्या नर्तकांना बंगारात वर्षभर संधी देणारा उपक्रम आज रसेलच्या नावाने चालतो. स्टीफन पेजने एकतीस वर्षांनी पायउतार होऊन सूत्रं फ्रान्सेस रिंग्स हिच्याकडे दिली. तीही नाइज्डात शिकलेली आणि १९९३ पासून बंगारात नाचलेली. २०१२ मध्ये तिने रचलेलं ‘टेरेन’ हे काटी थांडा या मिठाच्या विशाल सरोवरावरचं नृत्य तिच्या नावाशी कायमचं जोडलं गेलं आहे.

डब्बोची मुलगी

आता दुसऱ्या वाटेने गेलेल्या एका मुलीविषयी. एला हावेल्का ही विराजुरी. सिडनीपासून सुमारे ४०० किलोमीटर आत असलेल्या डब्बो या गावी वाढली. तिचं स्वप्न बॅलेचं होतं. लहानपणी गावात वर्ग, मग मेलबर्नला ऑस्ट्रेलियन बॅले स्कूल. आपल्याकडे एखाद्या आडगावच्या मुलीने थेट मुंबईच्या मोठ्या संस्थेत प्रवेश मिळवावा, तसं हे. या शिक्षणात शरीर कोवळं असतानाच सुरुवात करावी लागते. फी, बूट, प्रवास यांचा खर्च मोठा. लहान गावातल्या मुलांसाठी ही चाळणी रंगाआधी पैशाची आणि अंतराची असते.

शिक्षण संपल्यावर २००९ मध्ये ती बंगारात गेली. बॅलेने घडलेलं शरीर घेऊन जमिनीकडे झुकायला तिथे शिकली. २०१२ मध्ये बंगारा आणि ऑस्ट्रेलियन बॅले यांनी मिळून ‘वारुमुक’ ही पेजची रचना केली. रात्रीच्या आकाशाच्या योलंगू कथांवरची. त्यातून पुढे तिला ऑस्ट्रेलियन बॅलेचं निमंत्रण आलं आणि २०१३ पासून ती त्या संचात नाचू लागली. ऑस्ट्रेलियन बॅलेची स्थापना १९६२ ची. या देशाच्या पहिल्या रहिवाशांपैकी एकीला त्या संचात जागा मिळायला पन्नास वर्षं लागली.

तिच्यावर २०१६ मध्ये एक माहितीपट निघाला, तिचं खूप कौतुक झालं. पण या कौतुकातला ताण ओळखायला हवा. ती समूहनृत्यातली नर्तकी होती. बॅलेत समूहातल्या नर्तकीने इतरांसारखं दिसायचं असतं, चोवीसजणींचे हात एका रेषेत. आणि बाहेर मात्र तिची ओळख, ‘पहिली’, ‘एकमेव’. आत सारखं असायचं, बाहेर वेगळं असायचं, हे दोन्ही एकाच माणसाने रोज पेलायचं. तिच्यामागून आलेली इव्ही फेरिस, केर्न्सची, तारिबेलांग आणि जाबुगाय वंशाची, तिलाही हेच प्रश्न भेटले असतील. फेरिस पुढे २०२१ मध्ये ‘विगल्स’ या मुलांच्या अतिशय लोकप्रिय गायनसंचात सामील झाली. आज तिथली लाखो लहान मुलं तिला पाहून हातवारे करतात.

ॲबोरिजिनल तरुण नर्तकाने परंपरेचंच काही केलं पाहिजे, ही अपेक्षा गोऱ्या प्रेक्षकांकडून येते, कधी स्वतःच्या समाजाकडूनही येते. तिच्यात प्रेम असतं आणि ओझंही असतं. एखाद्या मुलीला राजहंस व्हायचं असेल, तर तो तिचा हक्क आहे. दुसरीला आपल्या भूमीच्या खारट पाण्याचा नाच रचायचा असेल, तर तोही. डलिसा पिग्राम ही पश्चिम किनाऱ्यावरच्या ब्रूमची यावुरू आणि बार्डी वंशाची नर्तकी. तिने २०१३ मध्ये ‘गुदिर गुदिर’ हे एकल नृत्य केलं, ज्यात भरती येत असल्याचा इशारा देणारा पक्षी आहे आणि आजच्या ब्रूममधल्या तरुणांचं दुःखही आहे. हे सगळं ॲबोरिजिनल नृत्यच आहे. कोण नाचतं, कुणाच्या संमतीने आणि कशासाठी, यावर ते ठरतं.

परवानगीचा प्रश्न

संमतीचा मुद्दा किती जिवंत आहे, हे दोन प्रसंगांवरून कळेल. जानेवारी २०१० मध्ये युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत ओक्साना डोम्निना आणि मक्सिम शबालिन या रशियन जोडीने बर्फावर ‘ॲबोरिजिनल’ नृत्य केलं. गडद रंगाचे कपडे, त्यावर पांढऱ्या रेघा, पानं. ऑस्ट्रेलियातल्या ॲबोरिजिनल नेत्यांनी तीव्र आक्षेप घेतला. महिन्याभरात व्हँकुव्हर ऑलिंपिकला त्यांनी वेश थोडा सौम्य केला आणि कांस्यपदक मिळवलं. रेघा कुणाच्या, पावलं कुणाची, हे विचारावं असं त्यांना वाटलं नव्हतं.

दुसरा प्रसंग घरचाच. मे २०१५. सिडनीचा फुटबॉलपटू ॲडम गुड्स, आदल्याच वर्षीचा ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’. मूळ रहिवाशांच्या सन्मानार्थ ठेवलेल्या सामन्यात गोल केल्यावर त्याने काही सेकंद युद्धनृत्याची पावलं टाकली. ती तो सोळा वर्षांखालच्या मूळनिवासी मुलांच्या संघाकडून शिकला होता. त्याला आधीपासून सुरू असलेली हुर्यो त्यानंतर आणखी वाढली आणि त्या हंगामाअखेर तो निवृत्त झाला. लीगने माफी मागितली, ती २०१९ मध्ये. रशियनांनी परवानगीशिवाय नाचलं, त्यांना पदक मिळालं. ज्याचा हक्क होता तो नाचला, त्याची हुर्यो झाली.

कायद्याचं संरक्षण अपुरं आहे. ऑस्ट्रेलियाच्या १९६८ च्या स्वामित्वहक्क कायद्याला एक ठरावीक कर्ता लागतो, कृती नोंदलेली लागते, आणि हक्काला मुदत असते. पिढ्यान्‌पिढ्यांचा, कुळाचा सामाईक नाच यात कुठे बसवायचा? चित्रांच्या बाबतीत न्यायालयं थोडी पुढे गेली. १९९४ मध्ये ॲबोरिजिनल चित्रकारांच्या आकृती विनापरवाना गालिच्यांवर विणणाऱ्यांना १ लाख ८८ हजार ६४० डॉलर भरपाई द्यावी लागली. १९९८ च्या बुलुन बुलुन खटल्यात न्यायालयाने म्हटलं, की चित्राचा हक्क चित्रकाराचा असला तरी आपल्या कुळाप्रति त्याचं कर्तव्य असतं. नाचाला मात्र आजही मुख्य आधार आहे तो शिष्टाचाराचा, म्हणजे विचारण्याच्या संस्काराचा. आणि तो संस्कार घडतो शाळेत, वाळूवर, गुरूसमोर. म्हणून या नर्तकांच्या शिक्षणाला मी फक्त कलेचं शिक्षण म्हणत नाही. कायदा जिथे पोचत नाही, तिथली राखणही तेच करतं.

आपल्याकडे पाहताना

डहाणू, जव्हार, मोखाडा भागातला तारपा नाच आपण सरकारी समारंभांत, महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत, पर्यटन महोत्सवांत पाहतो. वारली चित्रकलेला निदान भौगोलिक निर्देशांकाची नोंद मिळाली. तारप्यावरचं पाऊल कुणाच्या परवानगीने उचललं जातं, हे मात्र स्नेहसंमेलन बसवणारे शिक्षक विचारत नाहीत. तो नाच सुगीचा, गावदेवाशी जोडलेला. कुठल्या दिवशी करायचा, कुठल्या दिवशी नाही, याचे त्यांचे नियम आहेत. पाड्यावरच्या एखाद्या मुलीला नृत्य हाच पेशा करायचा असेल, तर तिला तारपा वाजवणारा म्हातारा आणि आधुनिक नृत्याचा शिक्षक हे दोघेही एकाच छपराखाली भेटतील अशी शाळा महाराष्ट्रात माझ्या पाहण्यात नाही. सिडनीत सुरू झालेली ती शाळा मात्र १९७५ च्या शिबिरातूनच उभी राहिली.

ऑस्ट्रेलियाचा आदर्श घ्यावा असं मी म्हणणार नाही. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी तिथल्या मतदारांनी, मूळ रहिवाशांना राज्यघटनेत सल्लागार आवाज देण्याचा प्रस्ताव सुमारे साठ टक्के मतांनी फेटाळला. रंगमंचावर ज्यांना टाळ्या मिळतात, त्यांना मतपेटीत त्या मिळतातच असं नाही. पण एक साधी गोष्ट तिथल्या नृत्यशाळेकडून घेता येईल. नाच शिकवण्याआधी विद्यार्थ्याला दोन प्रश्न विचारायचे : हा कुणाचा आहे? आणि तू त्यांना विचारलंस का? उत्तर शोधायला त्या मुलाला कुणाच्या तरी अंगणात जाऊन बसावं लागेल, ओळख द्यावी लागेल, चार दिवस राहावं लागेल. पाऊल त्यानंतर.